चारापेक्षा पाच मोठे

वडील रशियात कामाला गेले तेव्हा
निवा माझ्या ताब्यात देऊन गेले:
किल्ली, जॅक, डिकीतली जुनी घोंगडी
आणि एक वाक्य,
दुसऱ्या गिअरशी दांडगाई करू नकोस.

मी डोळ्यांत तेल घालून जपली तिला.
म्हणूनच तर हे झालं.

ऑक्टोबरात, ग्युमरीत बर्फ पडायच्या आत,
येरेवानहून मी डबा आणला,
दुकानातला सगळ्यात महाग, सोनेरी झाकणाचा.
वर लिहिलेलं: जीएल-पाच.
शेजारच्या साध्या डब्यावर जीएल-चार.
चारापेक्षा पाच मोठे,
एवढं गणित मला येत होतं.

जानेवारीत पारा उणे सत्तावीसवर गेला
आणि दुसरा गिअर दात खाऊ लागला.
क्लच दाबायचा, थांबायचं, मनात तीन मोजायचे,
तरी खर्रर्र.
गल्लीला पहाटे घड्याळ लागत नसे:
अरुस्याक निघाली दवाखान्याच्या पाळीला.

वार्दगेसना सगळे वार्पेत म्हणतात, म्हणजे उस्ताद.
ते गाडीखाली शिरले. नुसता हात बाहेर आला:
सतराचा पाना.
मी म्हटलं, खालचं बूच सोडा ना, तेल तर काढायचंय.
"आधी भरायचं बूच उघडतं का ते बघायचं.
सगळं सांडून बसलीस
आणि वरचं हललंच नाही, तर?"
हे ते आयुष्याबद्दल बोलतायत असं मला उगाच वाटलं.
ते बुचाबद्दलच बोलत होते.

तेल आलं, मधासारखं, नाइलाजानं.
वास सडक्या अंड्याचा.
बुचाच्या चुंबकावर काळी लव.
"हे पोलाद. हे चालतं, वयाची झीज आहे."
मग त्यांनी परात दिव्याखाली तिरकी धरली.
तेलात सोन्याचा धूर फिरत होता,
बारीक, देखणा.
"आणि हे पितळ. चुंबक याला ओळखत नाही.
म्हणून उजेडात बघायचं."

दोन गिअर जुळण्याआधी मध्ये एक पितळी कडी असते.
ती स्वतः घासली जाते,
दोघांचा वेग सारखा करते,
मग दातांत दात बसतात.
पाचातला गंधक पोलादाला सांभाळतो;
मागच्या आसाला तोच हवा, तिथे भार फार.
पितळाला मात्र तो बाधतो,
बिनकल्हईच्या भांड्यात दही कळकावं तसा.
वर निसरडा इतका
की कडीला पकडच सापडत नाही.

"मग स्वस्तातलं घालायचं?"
"तिला चालेल ते घालायचं.
स्वस्त-महाग तुझ्या पाकिटाला कळतं."
आणि डब्यावर नख ठेवून:
"पंच्याहत्तर डब्ल्यू नव्वद. पहिला आकडा थंडीचा.
आपल्या गावात तो आधी वाचतात.
तुझा ऐंशीचा होता."

डबा गरम पाण्याच्या बादलीत तासभर बसवला.
मग मोठ्या पिचकारीनं भरत राहिले
भोकाच्या काठावरून एक बारीक धार
परत बाहेर येईपर्यंत.
"पुरे. ती स्वतःच सांगते."
तेलही गेलं, तूपही गेलं, असं काही झालं नाही:
माझा उरलेला सोनेरी डबा
मागच्या आसात गेला.
पैसे घेतले नेहमीचे, आणि मी पुढे केलेली सिगारेट.

रात्री सारातोवहून फोन.
आईची चौकशी नंतर.
"दुसरा कसा आहे?"
लागतो. सकाळी जरा घासतो, मग बसतो.
"तेल?"
चार घातलं.
पलीकडे कुणीतरी खोकलं, दार वाजलं,
दहा जणांच्या खोलीतला आवाज.
"आधी पाच घातलं होतंस ना?"

मी हे त्यांना सांगितलं नव्हतं.

"मीपण घातलं होतं," ते म्हणाले,
"तू झालीस त्या वर्षी.
बक्षीस म्हणून. तिला."